पेट्रोलचा वास येतोय? आधी गाडी बंद करा

पावसाळा लागला की आमच्या गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते : "गाडीत पेट्रोलचा वास येतो, पण खाली एक थेंब दिसत नाही."

खाली डाग नाही म्हणजे गळती नाही, असं धरून चालू नका. टाकीतला पंप चालू झाल्यावरच नळीत दाब येतो, बहुतेक गाड्यांत 3 ते 4 बार. उभ्या गाडीत कोरडी दिसणारी नळी इंजिन चालू होताच बारीक फवारा मारते. तो गरम एक्झॉस्टवर पडला की जागेवरच उडून जातो, जमिनीपर्यंत पोचतच नाही. पेट्रोलची वाफ हवेहून जड, त्यामुळे ती खालीच रेंगाळते. एक ठिणगी पुरते.

परवा आलेल्या गाडीच्या नळीवर उंदराच्या दातांच्या दोन खुणा होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. मालक आठवडाभर काचा खाली करून गाडी चालवत होते! नळी बदलायला अर्धा तास लागला. पावसात उंदीर उबेला बॉनेटखाली येतात, म्हणून गाडीत खाऊचे पुडे ठेवू नका. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग (सांध्यातून गळू नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्या) 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नसतात. त्या कडक होतात, चिरतात. सर्व्हिसिंगला त्या बघून घ्या.

आग नेहमी पेट्रोलमुळेच लागते असंही नाही. बाहेरून बसवलेले हॉर्न, लाइट, म्युझिक सिस्टीम यांसाठी मूळ वायर सोलून जोड दिलेला असतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून 10 अँपिअरच्या जागी 30 चा टाकणारे महाभाग आम्ही पाहिलेत. मग फ्यूज वाचतो आणि वायर जळते.

सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) दर 3 वर्षांनी करावीच लागते. तारीख सीएनजीच्या प्लेटवर असते, आजच बघा.

बॉनेटमधून धूर दिसला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब न्या आणि 101 किंवा 112 ला फोन करा. बॉनेट उघडू नका, हवा मिळून भडका उडतो. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका, जळतं पेट्रोल त्यावर तरंगत पसरतं.

नुसता वास आला तरी गाडी चालवत आमच्याकडे आणू नका. फोन करा, आमचा माणूस तिथे येईल.