लुटेफिस्क, लेफ्से आणि लेफ एरिक्सन : अमेरिकेतल्या नॉर्वेजियन वारशाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर उजाडला की मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा आणि दोन्ही डकोटांमधल्या ल्युथरन चर्चबाहेर 'लुटेफिस्क सपर'च्या पाट्या लागतात. तिकिटावर नंबर असतो. तो पुकारला जाईपर्यंत लोक प्रार्थनेच्या बाकांवर बसून राहतात आणि मग तळघरातल्या लांब टेबलांवर जेवायला उतरतात. थुलथुलीत पांढरा मासा, वितळवलेलं लोणी, उकडलेले बटाटे, मीटबॉल आणि लेफ्से या बटाट्याच्या पातळ पोळ्यांची चळत हातोहात फिरते. ओस्लोहून आलेल्या पाहुण्याला हे पान अर्धं ओळखीचं, अर्धं परकं वाटतं. त्याच्याकडे हाच मासा बेकनची चरबी आणि वाटाण्याच्या घट्ट उसळीबरोबर खातात, सोबत अक्वाव्हिट या कडक दारूचा पेला असतो, आणि चर्चच्या तळघराशी त्याचा काही संबंध नसतो.

अमेरिकेतल्या नॉर्वेजियन वारशाचं बरंचसं असंच आहे. कच्चा माल नॉर्वेचा, घडण अमेरिकेची. ती घडण कधी आणि का झाली, हे तारखांवरून बऱ्यापैकी लावता येतं.

सुरुवात एका बेकायदा जहाजापासून होते. ४ जुलै १८२५ रोजी 'रेस्टोराशन' नावाचं छोटं शिडाचं जहाज नॉर्वेच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या स्टावांगरहून ५२ माणसं घेऊन निघालं. त्यांत क्वेकर पंथाचे आणि त्यांच्याकडे ओढा असलेले लोक होते. सरकारी ल्युथरन चर्चच्या जाचाला ते कंटाळले होते. वाटेत एक मुलगी जन्मली, त्यामुळे ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोचताना माणसं ५३ झाली होती. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार दर पाच टनांमागे दोनच प्रवासी आणता येत. चाळीसेक टनांच्या या जहाजाला म्हणजे जेमतेम सोळा. जहाज जप्त झालं, मोठा दंड लागला, आणि अखेर राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी तो माफ केला. आज ज्यांच्या नावाने सोहळे होतात त्या 'स्लूपर्स'ची (अशा छोट्या जहाजाला इंग्रजीत 'स्लूप' म्हणतात) अमेरिकेतली पहिली सरकारी नोंद ही अशी आहे.

पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास नॉर्वेजियन अमेरिकेला गेले. लोकसंख्येच्या मानाने पाहिलं तर युरोपात याहून मोठी गळती आयर्लंडचीच. कारण सरळ होतं. नॉर्वेत लागवडीजोगी जमीन तीन-चार टक्केच, ती थोरल्या मुलाकडे जायची, आणि धाकट्यांच्या वाट्याला कुळाचं झोपडं यायचं. १८६२च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकर देऊ केले. ही जमीन रिकामी नव्हती. मिनेसोटातला मोठा भाग १८५१च्या करारांनी तिथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांकडून घेतलेला होता, आणि होमस्टेड कायदा आला त्याच वर्षी तिथे डकोटा युद्ध पेटलं, त्यात नॉर्वेजियन वस्त्याही होरपळल्या. वारशाच्या मिरवणुकांमध्ये हा भाग फारसा दिसत नाही.

गेले ते बहुतांशी गरीब होते, म्हणून त्यांच्याबरोबर गेलं ते गरिबाघरचं जेवण. लुटेफिस्कचं मूळ टोरफिस्क, म्हणजे मीठ न लावता वाळवलेला कॉड मासा. लोफोटेन बेटांवर फेब्रुवारी ते मे लाकडी मांडवांवर कॉडच्या जोड्या टांगतात. हवा शून्याच्या आसपास असते, त्यामुळे मासा गोठून फुटत नाही आणि माश्याही बसत नाहीत. वाळून त्याचं वजन पाव-पंचमांश उरतं आणि तो लाकडाच्या फळीसारखा कडक होतो. आपल्या सुक्या बोंबलासारखा तासाभरात भिजणारा हा प्रकार नव्हे. तो वर्षानुवर्षं टिकतो, समुद्रापासून हजार मैलांवरच्या गव्हाच्या शेतातही पोचतो. मिनेसोटात तो टिकून राहिला त्याचं निम्मं कारण हेच.

तो मऊ करायला आठ-दहा दिवसांहून जास्त लागतात. आधी पाच-सहा दिवस गार पाणी, रोज बदलून. मग दोनेक दिवस क्षारपाण्यात. पूर्वी बर्च लाकडाच्या राखेचं, आता कॉस्टिक सोड्याचं. क्षाराने प्रथिनांची वीण सैल पडते आणि मासा मूळ ताज्या माशापेक्षाही जास्त फुगून पारदर्शक, जेलीसारखा होतो. या टप्प्यावर तो खाल्ला तर तोंड भाजेल, म्हणून पुन्हा चार ते सहा दिवस पाणी बदलत ठेवायचा. क्षारात जास्त राहिला तर माशातल्या चरबीचा अक्षरशः साबण होतो आणि चवही तशीच लागते. कॉडमध्ये चरबी अगदी कमी, म्हणून त्याच्यावर हे भागतं. सामनसारख्या तेलकट माशावर हा प्रयोग करू नये.

आता हे सगळं कारखान्यात होतं. चर्चला भिजवून तयार मासा येतो. माणशी अर्धा किलो धरतात, कारण शिजताना भरपूर पाणी सुटतं. स्वयंपाक चुकतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे पाणी घालणं. मीठ भुरभुरवून मासा अर्धा तास ठेवायचा, सुटलेलं पाणी ओतून द्यायचं आणि झाकून २०० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये तीस-चाळीस मिनिटं ठेवायचा. तो स्वतःच्याच पाण्यात शिजतो. मीठ आधी लावलं नाही तर फोडी न होता भांड्यात लापशी उरते, आणि पाच-दहा मिनिटं जास्त झाली तरी तेच. दुसरी चूक भांड्याची. ॲल्युमिनियम उरल्यासुरल्या क्षाराने काळं पडतं आणि चांदीचे काटे-चमचे कायमचे खराब होतात, म्हणून काच किंवा स्टील. शंभरांच्या पंगतीला काही चर्चमध्ये मासा पातळ कापडाच्या पिशव्यांत बांधून उकळत्या खारट पाण्यात काही मिनिटंच सोडतात, म्हणजे फोडी पसरत नाहीत. वरून नॉर्वेजियन वंशाचे लोक लोणी ओततात, स्वीडिश वंशाचे ऑलस्पाइस घातलेला पांढरा सॉस. यावरून टेबलावर होणारे वाद विनोदी असले तरी पूर्ण खोटे नसतात. आणि माशाच्या वासाला सगळे नावं ठेवत असले तरी विस्कॉन्सिनच्या कायद्याने त्याला पाठीशी घातलं : कामाच्या जागी असणाऱ्या विषारी पदार्थांच्या कायद्यातल्या व्याख्येतून लुटेफिस्क नाव घेऊन वगळला होता.

लेफ्सेची कथा जरा वेगळी. जुनी नॉर्वेजियन लेफ्से ओट-जवाच्या पिठाची, वाळवून साठवायची. बटाटा नॉर्वेत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, पाद्र्यांनी व्यासपीठावरून त्याचा प्रचार केला, आणि नेपोलियनच्या काळातल्या नाकेबंदीत, धान्य बंद झालं तेव्हा, तो घरोघर रुजला. म्हणजे 'पुरातन' बटाटा लेफ्से स्थलांतरापेक्षा दोन-तीन पिढ्यांनीच जुनी.

दिसायला ती बटाट्याची मोठी पातळ पोळी. एक किलो पिठूळ बटाट्याला (अमेरिकेत रसेट जात) ५० ग्रॅम लोणी, पाव कप साय, मीठ आणि चिमूटभर साखर. बटाटा उकडून, बारीक जाळीच्या दाबयंत्रातून दोनदा काढून, गरम असतानाच लोणी-साय मिसळायची आणि रात्रभर उघडा ठेवून गार करायचा. झाकला तर वाफ आतच राहते आणि सकाळी कणीक चिकट होते. पीठ, साधारण २०० ते २५० ग्रॅम मैदा, लाटायच्या अगदी आधी आणि एका वेळी एकाच घाण्यात मिसळायचं. सगळ्यात एकदम मिसळून ठेवलं तर मीठ आणि ओलावा मिळून तासाभरात त्याचा चिखल होतो. मग नवशिका घाबरून वर पीठ घालत जातो आणि लेफ्से चामड्यासारखी होते. नव्वद टक्के बिघाड इथेच.

लाटायला कापड ताणून बसवलेला गोल पाट आणि आडव्या खाचा असलेलं, मोजा चढवलेलं लाटणं. कापडामुळे पीठ कमी लागतं. लिंबाहून मोठ्या अशा ७५-८० ग्रॅमच्या गोळ्याची ३५ सेंटिमीटर पोळी व्हायला हवी. ती हाताने उचलता येत नाही. लांब चपटी लाकडी काठी मधोमध खालून सरकवून उचलायची आणि कोरड्या तव्यावर उलगडायची. तवा २६० अंशांवर. तो कमी तापला तर पोळी भाजण्याऐवजी वाळते आणि घडी घालताना मोडते. तपकिरी ठिपके पडले की उलटायची, काढून टॉवेलच्या घडीत एकावर एक रचून झाकायची. वाफेनेच ती मऊ होते. लोणी आणि साखर लावून गुंडाळी करून खातात.

हे खाणं घरचं होतं. सोहळा नंतर आला. आधी संस्था आल्या. डेकोरा (आयोवा) इथलं ल्युथर कॉलेज १८६१चं. त्याच्या वस्तुसंग्रहातून, १८७७पासून, आजचं वेस्टरहाइम संग्रहालय उभं राहिलं. १८९३च्या आर्थिक मंदीनंतर, १८९५मध्ये, मिनीॲपोलिसमधल्या १८ जणांनी 'सन्स ऑफ नॉर्वे' काढली, तीही संस्कृती जपायला नव्हे. आजारपणात आणि मृत्यूनंतर कुटुंबाला पैसे मिळावेत म्हणून वर्गणी गोळा करणारी ती परस्पर-विमा संस्था होती. भाषेचे वर्ग आणि नाच त्याच छताखाली हळूहळू आले. १८९९मध्ये मिनीॲपोलिसच्या मिनीहाहा बागेत वाल्द्रेस खोऱ्यातून आलेले लोक जमले, ते आपल्या बोलीत मनसोक्त बोलायला. तिथून 'बिग्देलाग' म्हणजे एकेका खोऱ्या-जिल्ह्याच्या मंडळांची लाट उसळली. आपल्याकडच्या ग्रामस्थ मंडळांची आठवण व्हावी असं हे प्रकरण. तोवर यातले बरेच जण स्वतःला 'नॉर्वेजियन' म्हणण्याआधी वाल्द्रेसचे किंवा टेलेमार्कचे म्हणवत.

वायकिंग आले ते वेगळ्याच गरजेपोटी. आपण या देशात उपरे नाही, हे सिद्ध करायचं होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठातले रास्मुस अँडरसन यांनी १८७४मध्ये, अमेरिका कोलंबसाने नव्हे तर नॉर्स लोकांनी, म्हणजे वायकिंग काळातल्या स्कँडिनेव्हियन लोकांनी शोधली, असं पुस्तकच लिहिलं. १८८७मध्ये बोस्टनमध्ये नॉर्स दर्यावर्दी लेफ एरिक्सनचा पुतळा उभा राहिला. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात, कोलंबसाच्या चारशेव्या वर्षाच्या सोहळ्यातच, नॉर्वेहून 'व्हायकिंग' नावाची जुन्या धर्तीची होडी अटलांटिक ओलांडून आली. त्यातला टोमणा कुणाच्या नजरेतून सुटला नाही. उत्साह कुठवर गेला याचं उदाहरण केन्सिंग्टनचा, रून या जुन्या स्कँडिनेव्हियन लिपीतला शिलालेख. १८९८मध्ये मिनेसोटातल्या एका स्वीडिश शेतकऱ्याच्या शेतात तो सापडला, त्यावर १३६२ साल, आणि भाषातज्ज्ञांच्या मते तो बनावट. नॉर्स लोक अमेरिकेत आल्याचा खरा पुरावा मिळायला १९६० उजाडलं : कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये, लाँस-ओ-मेडोज इथे. चार वर्षांनी अमेरिकी काँग्रेसने लेफ एरिक्सन दिन मान्य केला. त्यासाठी ९ ऑक्टोबर निवडला. लेफशी या तारखेचा काही संबंध नाही. ती 'रेस्टोराशन' न्यूयॉर्कला लागल्याची तारीख.

दुसरी तारीख १७ मे, १८१४मध्ये आयड्सव्होल या गावी झालेल्या नॉर्वेच्या राज्यघटनेची. १९०५पर्यंत नॉर्वे स्वीडनच्या राजाखाली होता, त्यामुळे स्थलांतरितांसाठी हा दिवस नुसत्या मिरवणुकीचा नव्हता. १९१४मध्ये घटनेची शताब्दी झाली तेव्हा आत्मविश्वास इतका होता की नॉर्थ डकोटाने लिंकनचा अर्धपुतळा ओस्लोला भेट दिला. तो आजही फ्रोग्नर बागेत आहे.

आणि मग चारच वर्षांत सगळं उलटलं. पहिल्या महायुद्धात रोख जर्मन भाषेवर होता, पण मे १९१८मध्ये आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी शाळा, रेल्वे, टेलिफोन, सार्वजनिक जागा आणि चर्चमध्येसुद्धा इंग्रजीखेरीज प्रत्येक भाषेवर बंदी घातली. डिसेंबरात ती उठली, पण चर्चची भाषा पुन्हा पूर्वपदावर आली नाही. १९१७मध्ये स्थापन झालेल्या 'नॉर्वेजियन ल्युथरन चर्च'ने १९४६मध्ये नावातलं 'नॉर्वेजियन' काढून टाकलं. 'डेकोरा-पोस्टेन' हे वृत्तपत्र मात्र १८७४पासून १९७२पर्यंत चाललं.

'रेस्टोराशन'च्या प्रवासाचा १९२५चा शताब्दी सोहळा या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. जूनमध्ये मिनेसोटाच्या जत्रेच्या मैदानावर तो चार दिवस चालला, राष्ट्राध्यक्ष कूलिज भाषणाला आले, टपाल खात्याने दोन तिकिटं काढली. पाच सेंटच्या तिकिटावरच्या वायकिंग होडीवर बारकाईने पाहिलं तर अमेरिकेचा झेंडा दिसतो; चित्र शिकागोला आलेल्या त्या १८९३च्या होडीवरून काढलेलं. भाषा सुटत चालली होती. जे बोलून दाखवता येत नव्हतं ते आता खाऊन, नेसून, रंगवून दाखवायचं होतं.

रंगवण्याचं श्रेय एका गाड्या रंगवणाऱ्याला जातं. नॉर्वेच्या लार्दालहून आलेले पेर लिस्ने विस्कॉन्सिनमधल्या स्टॉटनला घोडागाड्यांच्या कारखान्यात काम करत. महामंदीत त्यांनी लाकडी थाळ्यांवर रोझमालिंग, म्हणजे C आणि S आकाराच्या वेलबुट्टीची जुनी चित्रकला, काढून विकायला सुरुवात केली आणि ती पुन्हा लोकांच्या डोळ्यांत भरली. १९६७पासून वेस्टरहाइमने नॉर्वेहून शिक्षक बोलावून वर्ग घेतले. तोवर स्थलांतरितांच्या पेट्या माळ्यावर धूळ खात होत्या, काहींवर तर वरून सरळ पांढरा रंग मारलेला.

कपड्यांची गोष्ट तशीच. आजचा बुनाद, जिल्ह्याजिल्ह्याचा वेगळा पोशाख, हुल्दा गारबोर्ग यांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चळवळीतून घडला. त्याआधी अमेरिकेला गेलेल्या पणजीकडे तो असणं शक्यच नव्हतं. म्हणून जुन्या फोटोंत बायका हार्डांगरचा लाल चोळी-पांढरं ॲप्रन असा वेश घालतात, कुठल्याही खोऱ्याच्या असोत. नॉर्वेतून आलेले जाणकार आजही यावर नाक मुरडतात. तिथे एका जिल्ह्याच्या पोशाखावर दुसऱ्याची चांदीची पिन लावली तरी लोक वळून बघतात.

२०००च्या अमेरिकी जनगणनेत सुमारे ४५ लाख लोकांनी आपलं मूळ नॉर्वेजियन असल्याचं नोंदवलं, म्हणजे तेव्हाच्या नॉर्वेच्या लोकसंख्येइतकेच. सिएटलच्या बॅलर्डमध्ये, ब्रुकलिनच्या बे रिजमध्ये आणि स्टॉटनमध्ये मे महिन्यात मिरवणुका निघतात. नॉर्थ डकोटातल्या मायनॉटला १९७८पासून 'नॉर्स्क होस्टफेस्ट' भरतो. चर्चच्या तळघरात मात्र तव्यापाशी उभ्या राहणाऱ्या हातांचं वय वाढलंय, आणि ताटात मीटबॉलचा वाटा वाढतोय. नॉर्वेत उलट झालं. तिथे लुटेफिस्क नाताळाआधीच्या आठवड्यांत महागड्या हॉटेलांत आगाऊ टेबल राखून खाण्याची चीज बनली आहे, बेकन आणि अक्वाव्हिटसह.