आल्मेखास आ ला मारिनेरा

आल्मेखास आ ला मारिनेरा : शिंपल्या कवचासकट कांदा, लसूण, ऑलिव्ह तेल, पांढरी वाइन आणि पार्सली यांच्या बेताच्या रश्श्यात उघडवून शिजवण्याचा स्पेनमधील प्रकार. ‘आल्मेखा’ म्हणजे शिंपली आणि ‘आ ला मारिनेरा’ म्हणजे दर्यावर्द्यांच्या पद्धतीची. स्पेनच्या सगळ्या किनाऱ्यांवर हा पदार्थ होतो, पण त्याचे माहेर म्हणून देशाच्या वायव्य कोपऱ्यातील गालिसिया प्रांताचेच नाव आधी घेतले जाते. तिथल्या गालिसियन भाषेत शिंपलीला ‘अमेइशा’ म्हणतात. आलुबुखारालाही तिथे हाच शब्द आहे, त्यामुळे कोणती अमेइशा हे ताटात काय आहे त्यावरून ठरते.

नाव लांबलचक असले तरी, वाळू काढण्याचा वेळ सोडला तर, पदार्थ अर्ध्या तासाचा आहे आणि साहित्य आठ-नऊ जिन्नसांपलीकडे जात नाही. शिंपली उघडताना तिच्या कवचातून जे खारट पाणी सुटते त्यातच या पदार्थाचा जीव असतो. कांदा, वाइन, चमचाभर मैदा हे सगळे ते पाणी धरून ठेवण्यासाठी. तिसऱ्या, म्हणजे आपल्याकडच्या शिंपल्या, चिरताना विळीखाली थाळा धरून पाणी जपणाऱ्या कोकणातल्या बाईला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

शिंपल्या आणि त्यांच्या खाड्या

गालिसियाचा किनारा समुद्राने आत घुसून बुडवलेल्या नदीखोऱ्यांचा आहे. या खाड्यांना तिथे ‘रिआ’ म्हणतात. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात ‘रिया किनारा’ म्हणून जी संज्ञा येते ती मूळची इथलीच, आणि कोकणच्या खाड्याही त्याच जातीच्या मानल्या जातात. उन्हाळ्यात उत्तरेकडून वारे वाहू लागले की खोल समुद्रातले थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येऊन या रिआंमध्ये शिरते. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांच्यावर शिंपल्या पोसतात. मोठ्या तराफ्यांना दोर टांगून त्यावर वाढवलेल्या मसल या काळ्या शिंपल्यांसाठीही याच खाड्या प्रसिद्ध आहेत.

बाजारात मुख्यतः तीन प्रकारच्या आल्मेखा मिळतात. ‘फिना’ ही सर्वांत महाग. तिच्या कवचावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते आणि पाणी आत-बाहेर करणाऱ्या तिच्या दोन नळ्या मुळापासून सुट्या असतात. पाण्याबाहेर तोंड घट्ट मिटून ती कित्येक दिवस तग धरते. ‘बाबोसा’ ही चवीला नाजूक, पण तोंड सैल टाकते आणि लवकर मरते, म्हणून आणल्या दिवशीच रांधावी लागते. तिसरी ‘हापोनेसा’, म्हणजे जपानी. ती पॅसिफिकमधून आणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात रुजवली गेली. भराभर वाढणारी आणि स्वस्त असल्याने घरगुती स्वयंपाकात आज बहुधा तीच असते. रश्श्यात पडल्यावर फिना आणि हापोनेसा यांतला फरक सांगता येईल अशी जीभ फार थोड्यांची असते. पाहुण्यांसमोर फिनाच मांडायची, हा मात्र प्रतिष्ठेचा भाग.

आरोसाच्या रिआतील कार्रिल हे गाव आल्मेखांसाठी नावाजलेले आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवर खुंट्या रोवून तिथे शिंपल्यांच्या शेतीचे वाफे आखलेले असतात. बाकीच्या खाड्यांत शिंपल्या वेचायचे काम परंपरेने बायकांचे. त्यांना ‘मारिस्कादोरा’ म्हणतात. ओहोटी लागली की गुडघाभर पाण्यात किंवा चिखलात उतरून, कमरेत वाकून, दंताळ्याने वाळू ओढत त्या शिंपल्या काढतात. आज या कामाला प्रांतिक सरकारचा परवाना लागतो, रोज किती किलो काढायच्या याची मर्यादा असते आणि ठरल्या मापाहून लहान शिंपली परत पाण्यात सोडावी लागते. माल मच्छीमारांच्या संघामार्फत लिलावाला जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांतही ओहोटी साधून तिसऱ्या काढायला बायकाच उतरतात, परवाना आणि लिलाव एवढे सोडले तर चित्र बरेचसे सारखे.

धंदा मात्र समुद्राच्या लहरीवरचा. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘प्रेस्टीज’ हे तेलवाहू जहाज गालिसियासमोर बुडाले तेव्हा तेलाच्या तवंगामुळे वेचणी बंद ठेवावी लागली. २०२३ च्या शरदात अतोनात पाऊस झाला, खाड्यांचे पाणी गोडे झाले आणि शिंपल्या मोठ्या प्रमाणावर मेल्या. सगळ्यांत जुना त्रास विषारी सूक्ष्म वनस्पतींचा. त्या माजल्या की शिंपल्यांत साठणारे विष शिजवल्याने जात नाही, म्हणून पाण्याचे आणि मालाचे नमुने सतत तपासून सरकारी संस्था खाड्यांचे भाग बंद-चालू करत असते. जिवाणूंच्या प्रमाणानुसार खाड्यांचे वर्ग पाडलेले आहेत. अगदी स्वच्छ वर्गातला माल सोडला तर बाकीचा आधी शुद्धीकरण केंद्रातल्या टाक्यांमधून जातो आणि मगच दुकानात येतो.

वाळू काढणे

या पदार्थात फसायची खरी जागा चुलीवर नाही, मोरीत आहे. दाताखाली एकदा कचकच आली की सगळा रस्सा वाया. शिंपल्या आधी वाहत्या पाण्याखाली एकमेकींवर घासून धुवायच्या. फुटलेल्या टाकायच्या. तोंड उघडे असलेलीवर टिचकी मारायची; मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेकायची. संशय येण्याइतकी जड लागणारी शिंपली बहुधा आत नुसता चिखल भरलेले रिकामे कवच असते. अशी एकच शिंपली पातेल्यात उघडली तर सगळ्यांचा घात करते.

मग मिठाच्या पाण्यात ठेवायच्या. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तेव्हा लिटरभर पाण्यात ३० ते ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे मोठे दोन सपाट चमचे. नळाच्या गोड्या पाण्यात शिंपल्या तोंड मिटून बसतात किंवा मरतात. वाळू दोन्ही वेळा आतच राहते. भांडे पसरट घ्यावे आणि तळाशी उपडी जाळी किंवा चाळण ठेवून तिच्यावर शिंपल्या मांडाव्यात, म्हणजे थुंकलेली वाळू खाली बसते आणि त्या ती पुन्हा ओढून घेत नाहीत. थंड, अंधाऱ्या जागी तीन-चार तास पुरतात. मध्ये एकदा पाणी बदलावे. शेवटी शिंपल्या हाताने उचलून घ्याव्यात, भांडे चाळणीत ओतू नये. तसे केले की खाली बसलेली सगळी वाळू पुन्हा त्यांच्याच डोक्यावर. या पाण्याने वाळू जाते, घाण खाडीतली रोगराई जात नाही, म्हणून शिंपल्या कुठल्या हे विचारूनच घ्याव्यात.

रस्सा

चार माणसांना किलोभर शिंपल्या, मध्यम कांदा एक, लसणीच्या तीन-चार पाकळ्या, ऑलिव्ह तेल चार चमचे, मैदा एक चमचा, पांढरी वाइन १५० ते २०० मिलिलिटर, तमालपत्र एक, लाल मिरचीची गोडसर पूड अर्धा चमचा आणि मूठभर चिरलेली पार्सली.

कांदा अगदी बारीक चिरून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे परतायचा. इथे मराठी हात घसरतो. कांदा तांबूस झाल्याशिवाय आपल्याला परतल्यासारखे वाटत नाही, आणि इथे तर तो नुसता मऊ, पारदर्शक व्हायला हवा, रंग बदलता कामा नये. लसूण त्यानंतर, म्हणजे ती करपत नाही. मग मैदा घालून मिनिटभर हलवायचा. त्याने रश्श्याला थोडा दाटपणा येतो आणि तो कवचाला धरतो. काही घरांत मैद्याऐवजी पावाचा चुरा असतो. मिरचीपूड घालायच्या वेळी पातेले विस्तवावरून उतरवावे, कारण ती क्षणात जळून कडू होते. पूड मिसळली की लगेच वाइन, आणि पुन्हा आचेवर ठेवून दोन मिनिटे खळखळू द्यायची.

शिंपल्या उघडण्याचे दोन मार्ग आहेत. त्या थेट या रश्श्यात टाकून झाकण ठेवता येते. चव त्याने अधिक चांगली येते आणि भांडे एकच पडते. दुसरा मार्ग म्हणजे वेगळ्या पातेल्यात पेलाभर पाणी किंवा वाइन घालून त्या उघडवायच्या, सुटलेले पाणी फडक्यातून गाळायचे आणि ते रश्श्यात थोडे थोडे ओतायचे. ओळखीच्या कोळणीकडून घेतलेल्या, नीट वाळू काढलेल्या शिंपल्या असतील तर पहिला मार्ग धरावा. बाकी सगळ्यांनी निमूट दुसरा.

शिंपली उघडते ती तिच्या बिजागरीमुळे. दोन शिंपांना जोडणारा चिवट बंध त्यांना सतत उघडायला पाहत असतो आणि जिवंत प्राणी आतल्या स्नायूंनी त्या ओढून धरतो. उष्णतेने स्नायूंची पकड सुटली की बंध आपले काम करतो. मोठ्या आचेवर, घट्ट झाकणाखाली याला तीन ते पाच मिनिटे लागतात. उघडली की शिजली. त्यापुढे प्रत्येक मिनिट मांसाला रबर करत जाते, म्हणून सावध स्वयंपाकी पहिल्या उघडलेल्या चिमट्याने काढून घेतो आणि मागे राहिलेल्यांना वेळ देतो. शेवटपर्यंत न उघडलेल्या टाकून देण्याची रीत आहे.

मीठ? कवचातले पाणी म्हणजे समुद्रच. चाखल्याशिवाय चिमूटही घालू नये, बहुधा लागत नाही. वरून पार्सली भुरभुरून, मिनिटभर झाकून, मातीच्या पसरट भांड्यात वाढतात.

घरोघरचे भेद पुष्कळ. कोणी टोमॅटो घालतात, कोणी केशराच्या दोन काड्या. बास्क प्रदेशातल्या हिरव्या रश्श्यात कांदा आणि मिरचीपूड नसते, नुसती लसूण आणि भरपूर पार्सली असते. दक्षिणेकडच्या कादिस भागात साध्या पांढऱ्या वाइनऐवजी शेरी ही तिथली कडक वाइन पडते. गालिसियात रिआस बाइशास भागाची अल्बारिन्यो वाइन वापरतात आणि बाटलीत उरलेली जेवताना पितात. नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणात हा पदार्थ हमखास असतो, आणि त्या आठवड्यात शिंपल्यांचे भाव असे चढतात की शहाणी घरे त्या आधीच आणून फ्रीजरमध्ये टाकतात.

महाराष्ट्रात करताना

तिसऱ्या आणि आल्मेखा शास्त्रीयदृष्ट्या एकाच कुळातल्या, त्यामुळे बदली माल म्हणून तिसऱ्यांत काहीच कमीपणा नाही. फरक आहे तो हाताळणीत. आपल्याकडे तिसरी कच्चीच विळीवर उघडतात, मांस चिकटलेली एक शिंप ठेवतात, दुसरी टाकतात आणि त्यावरून पदार्थालाच ‘एकशिपी’ म्हणतात. मारिनेरासाठी विळी बाजूला ठेवावी; दोन्ही शिंपा हव्यात. खोबऱ्याच्या वाटणाचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण वाटण पडले की शिंपलीचे पाणी मागे जाते आणि चांगली एकशिपी तयार होते, मारिनेरा होत नाही.

वाइन नाशिकची कोरडी पांढरी चालते, गोड चालत नाही. स्पेनमधली धुरकट मिरचीपूड एस्त्रेमादुरातील ला वेरा भागात ओक लाकडाच्या धुरावर मिरच्या वाळवून करतात. ब्याडगीच्या पुडीने रंग येईल, धूर येणार नाही. तमालपत्राच्या बाबतीत एक गफलत नेहमीची: मसाल्याच्या डब्यातले तीन शिरांचे पान दालचिनीच्या गोतातले, स्पेनमधले लॉरेलचे. वास वेगळा. चुकीचे घालण्यापेक्षा न घातलेले बरे.

पार्सली मिळाली नाही तर हात कोथिंबिरीकडे जातो. जाऊ द्यावा, पण मग पदार्थ सीमा ओलांडून पोर्तुगालात पोचतो. तिथे शिंपल्या ऑलिव्ह तेल, लसूण आणि कोथिंबीर यांत उघडवतात, कांदा घालत नाहीत, आणि त्या पदार्थाला एकोणिसाव्या शतकातील कवी बुल्यांव पातो याचे नाव आहे. वाढताना वर लिंबू पिळतात.

सोबत भात नसतो, पाव असतो, आणि तोही कडक सालीचा. त्याचा तुकडा रश्श्यात तरंगत ठेवून भिजला की उचलतात. स्पॅनिशमध्ये अशा तुकड्याला ‘बार्कितो’, म्हणजे होडकुले, म्हणतात. रिकामी शिंप चमच्यासारखी धरून उरलेला रस्सा ओढणेही चालते.