रविवारी कोणाचे हात थांबतात? ख्रिस्ती विसाव्याची पार्श्वभूमी

बायबलमध्ये दहा आज्ञा दोन ठिकाणी आहेत: ‘निर्गम’च्या 20 व्या अध्यायात आणि ‘अनुवाद’च्या 5 व्या अध्यायात. शब्बाथाची, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्याची, आज्ञा दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे. सहा दिवस काम कर. सातव्या दिवशी तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, कोणीही काम करायचे नाही. (कॅथलिक मोजणीत ही तिसरी आज्ञा, बहुतेक प्रोटेस्टंट मोजणीत चौथी. यावरून वाद घालणारेही भेटतात.) कारण मात्र दोन्हीकडे वेगळे दिले आहे. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून, असे निर्गम सांगते. अनुवाद सांगते की तू मिसर (इजिप्त) देशात दास होतास हे विसरू नकोस. तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळाला पाहिजे, म्हणून.

चर्चमधल्या उपदेशांत पहिल्या कारणाला जास्त जागा मिळते. मन शांत करणे, देवाच्या सान्निध्यात राहणे, प्रार्थना करणे हे सगळे त्यातून येते आणि ते खरेही आहे. पण ख्रिस्ती विसाव्याचा इतिहास चाळला तर त्याला वारंवार धक्का दिला तो दुसऱ्या कारणाने, असेच मला दिसते. मालकाच्या विसाव्याने फारसे प्रश्न कधी निर्माण झाले नाहीत. चाकराच्या विसाव्याची गोष्ट निघाली की कायदे करावे लागले, फर्माने निघाली, मोर्चे निघाले.

सुरुवात विश्वासाच्या परीक्षेपासून होते. मिसरमधून सुटलेल्या लोकांना रानात रोज मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, मिळे. दुसऱ्या दिवसासाठी साठवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा आणि सातव्या दिवशी घरात बसायचे. तो साठा नासत नसे. तरी काही जण सातव्या दिवशी बाहेर पडलेच, आणि रिकाम्या हातांनी परतले. पिढ्यान्‌पिढ्या विटा थापलेल्या माणसाला एक दिवस हात बांधून बसणे किती अवघड गेले असेल, ते या एका प्रसंगात कळते. एक दिवस काम थांबवूनही आपण उपाशी मरणार नाही, यावर त्यांचा भरवसा बसायचा होता.

पुढे बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांच्या यरुशलेमेत बाजाराने हाच प्रश्न उभा केला. नहेम्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायातले वर्णन एखाद्या पालिका अधिकाऱ्याच्या दैनंदिनीसारखे वाटते. शब्बाथ दिवशी लोक द्राक्षे तुडवत आहेत, गाढवांवर धान्याची ओझी लादून आणत आहेत, आणि सोर शहराचे व्यापारी मासळी घेऊन विकायला बसले आहेत. तिथला सुभेदार नहेम्या याने शब्बाथाची सांज होताच वेशीचे दरवाजे लावून घेतले आणि तिथे आपली माणसे उभी केली. व्यापारी एकदोन रात्री कोटाबाहेरच मुक्काम ठोकून राहिले, सकाळी दार उघडेल या आशेने. पुन्हा असे कराल तर धरून नेईन, असा दम भरल्यावर ते यायचे थांबले. विसावा पाळायचा तर कोणीतरी दुकान बंद करायला लावावे लागते, ही अडचण इतकी जुनी आहे.

नियम वाढत गेले. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहामध्ये शब्बाथाला निषिद्ध कामांचे 39 प्रकार मोजले आहेत. येशूचे परूश्यांशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथाशी, खटके उडाले ते अशा नियमांच्या अर्थावरून. शब्बाथ त्याने नाकारला नव्हता. वाळलेल्या हाताच्या माणसाला त्याने शब्बाथ दिवशी, सभास्थानातच बरे केले. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे मार्कच्या शुभवर्तमानातले त्याचे म्हणणे सर्वांना ठाऊक असते. त्याच शुभवर्तमानात, लोकांच्या गर्दीमुळे शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना तेव्हा तो त्यांना एकान्ती चलून थोडा विसावा घ्यायला सांगतो, ही ओळ मात्र सहसा वगळली जाते. सतत सेवेत गुंतलेल्या पाळकांनी आणि सिस्टरांनी ती जरूर वाचावी.

पहिल्या ख्रिस्ती लोकांचा रविवार सुट्टीचा नव्हता, हे आज चटकन लक्षात येत नाही. येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले म्हणून ते त्या दिवशी जमत. पण रोमी साम्राज्यात तो कामाचाच दिवस होता, आणि जमणाऱ्यांत गुलाम होते, मजूर होते. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 20 व्या अध्यायात त्रोवस येथील सभा रात्रीची आहे. माडीवर दिवे लावलेले आहेत, प्रेषित पौलाचे बोलणे मध्यरात्रीपर्यंत लांबले आहे, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण डुलक्या घेता घेता तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. सुदैवाने तो वाचला. त्याच्या झोपेवर आजवर अनेक विनोदी उपदेश झाले. तो दिवसभर राबून आला असेल ही शक्यता त्यांत क्वचितच येते. इ. स. 112 च्या सुमारास बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात. पहाटेपूर्वीच का, हे तो सांगत नाही. पण उजाडल्यावर कामावर जावे लागणाऱ्यांना दुसरी वेळ कुठली? खरे काय ते काढून घेण्यासाठी त्याने मंडळीतल्या ज्या दोन सेविकांचा छळ केला, त्या दासी होत्या.

या काळात विसावा म्हणजे दिवस कमी आणि आशा जास्त. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अजून राहिला आहे, असे म्हटले आहे. ज्याला आठवड्यात एकही दिवस आपला नाही, त्याच्या कानांवर हे वाक्य कसे पडत असेल?

मग 321 साली रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने मार्चमध्ये हुकूम काढला: सूर्याच्या आदरणीय दिवशी, म्हणजे रविवारी, न्यायालये बंद राहावीत, शहरातल्या लोकांनी आणि कारागिरांनी विश्रांती घ्यावी. हुकुमात ख्रिस्ताचे नाव नाही. शेतकऱ्यांना त्यातून वगळले होते, कारण पेरणीचा किंवा द्राक्षवेली लावण्याचा योग्य दिवस हातचा जाऊ नये. म्हणजे सर्वांत मोठा कष्टकरी वर्ग बाहेरच राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये दुसरा हुकूम निघाला, आणि तो मला अधिक बोलका वाटतो: न्यायालये बंद असली तरी गुलामांना मुक्त करण्याचे काम रविवारी करता येईल. ‘अनुवाद’ पुस्तकातले दासांचे कारण रोमी कायद्यात असे एका फटीतून शिरले. शेतीच्या कामाला रविवारी बंदी आणली ती 538 सालच्या ऑर्लेआँच्या धर्मसभेने. त्याच सभेने, रविवारी स्वयंपाक किंवा प्रवास करू नये असे मानणाऱ्यांनाही समज दिली.

दरम्यान विसाव्याचा आतला अर्थ दोन माणसांच्या हाती खोल झाला. बिशप ऑगस्टिनने 400 च्या आसपास आपल्या आत्मकथनाच्या आरंभीच लिहिले की देवाने आपल्याला स्वतःसाठी घडवले आहे आणि त्याच्यात विसावेपर्यंत आपले हृदय अस्वस्थ असते. सहाव्या शतकातला मठाधिपती बेनेडिक्ट अधिक व्यवहारी. त्याच्या मठनियमाचा 48 वा अध्याय आळस हा आत्म्याचा शत्रू आहे असे सांगून सुरू होतो आणि लगेच दुपारच्या झोपेची सोय करतो. उन्हाळ्यात जेवणानंतर सर्वांनी आपापल्या खाटेवर मुकाट्याने पडावे. कोणाला वाचायचे असेल तर इतरांची झोपमोड होणार नाही असे मनातल्या मनात वाचावे. रविवारी सर्वांनी वाचनात वेळ घालवावा, पण ज्याला वाचन जमत नाही किंवा करायचेच नाही, त्याला काहीतरी काम द्यावे. ताटकळत बसण्याला तो विसावा मानत नाही. काम, प्रार्थना, वाचन आणि झोप यांच्या वेळा त्याने ज्या बारकाईने बसवल्या, तेवढी माया आज एखाद्या आश्रमशाळेच्या वेळापत्रकातही दिसणार नाही.

पूर्वेकडच्या मठांत अंतःकरणाच्या निःशब्दतेची साधना वाढली आणि चौदाव्या शतकात मठवासी ग्रेगरी पालामासने तिची बाजू मांडली. इथिओपियात वेगळेच वळण: तिथे शनिवार आणि रविवार दोन्ही पाळायचे की नाही यावर मठामठांत तंटे झाले आणि 1450 मध्ये राजा झरा याकोबच्या काळात दोन्ही दिवसांना मान्यता मिळाली.

इंग्लंडमध्ये भांडण उलट दिशेने पेटले. प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट मंडळींना रविवार पूर्णपणे देवाचा हवा होता, खेळतमाशे अजिबात नकोत. राजा पहिला जेम्स 1617 मध्ये लँकशरमधून जात असताना लोकांनी त्याच्याकडे याबद्दल गाऱ्हाणे घातले. दुसऱ्या वर्षी त्याने जाहीरनामा काढला: उपासना झाल्यावर नाच, तिरंदाजी, उड्या यांना मोकळीक आहे. सामान्य माणसाला खेळायला रविवारखेरीज दिवसच कुठे आहे, असा त्याचा सवाल होता. 1643 मध्ये पार्लमेंटच्या हुकमाने हा जाहीरनामा जाळण्यात आला. प्युरिटनांना आपण नुसते कडक म्हणून सोडून देतो. पण चाकरमाण्याचा रविवार हिरावून घ्यायला मालकाला मज्जाव होता तोही त्यांच्याच कडकपणामुळे. जेम्सचा प्रश्न तरीही बिनतोड होता.

सर्वांत लाजिरवाणे पान वसाहतींचे. 1685 च्या ‘कोड नुआर’ या गुलामगिरीविषयीच्या फ्रेंच कायद्याने गुलामांना रविवारी कामाला लावायला बंदी केली. कॅरिबियन बेटांवर मात्र गुलामांना पोटापुरते पिकवायला जमिनीचा तुकडा देऊन, त्यावर रविवारी राबायला सोडण्याची चाल पडली. मालक चर्चमध्ये, गुलाम आपल्या रताळ्यांच्या वाफ्यात. आज्ञा अक्षरशः पाळली गेली, असे त्या मालकांना म्हणताही आले असते.

आपल्याकडे शब्बाथ ख्रिस्ती चर्चच्या आधी कोकणात पोहोचलेला होता. कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पोर्तुगीजांबरोबर गोवा-वसईत रविवारची मिस्सा (कॅथलिक उपासना) आली, 1813 मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर प्रोटेस्टंट रविवार आला. पुढे सरकारी कचेऱ्याही रविवारी बंद राहू लागल्या. गिरणीचा भोंगा मात्र वाजतच होता.

तो थांबवण्याची मागणी चर्चने केली नाही. ती केली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते ख्रिस्ती नव्हते, फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक होते. 1884 मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला सुरू झालेले काम सूर्यास्ताला बंद. रविवार हा खंडोबाचा वार, हे कारणही या मागणीच्या बाजूने पुढे केले गेले, असे सांगतात. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि 1891 च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुट्टी पक्की केली. स्पर्धा नको म्हणून लँकशरच्या गिरणीमालकांनाही भारतीय गिरण्यांवर निर्बंध हवेच होते, हे या कायद्यामागचे दुसरे कारण. त्याने लोखंड्यांचे श्रेय उणे होत नाही. वार ख्रिस्ती सरकारचा, समर्थनाला खंडोबा, आणि मागणी दासदासींच्या विसाव्याची. मला यात विसंगती दिसत नाही.

योगायोग असा की त्याच 1891 मध्ये पोप तेरावा लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढले. रविवारची विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे आणि तो त्याने स्वतःहूनही विकून टाकू नये, कारण त्यात त्याच्या आत्म्याचा प्रश्न आहे, अशी त्यांची भूमिका होती. सुट्टी म्हणजे पैसे उधळायची किंवा लोळत पडायची संधी नव्हे, हेही त्यांनी बजावले. निर्गमाचे आणि अनुवादाचे कारण इतक्या स्पष्टपणे एकत्र आलेले याआधी फारसे आढळत नाही.

विसाव्या शतकात ही भाषा कायद्यांत उतरली. जर्मनीच्या 1919 च्या वायमार राज्यघटनेने रविवारला कामापासून विश्रांतीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षण दिले, आणि ते कलम आजच्या जर्मन घटनेतही आहे. त्याच्याच आधारे 2009 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने, नाताळापूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडी ठेवू देणारा बर्लिनचा नियम रद्द ठरवला. खटला चर्चने भरला होता.

चर्चलाही वाराच्या बाबतीत सैल व्हावे लागले. 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला गेले तरी रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. आखाती देशांत तर शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे गोवा, मंगळूर, केरळमधून गेलेले हजारो लोक शुक्रवारी चर्चमध्ये जमतात आणि रविवारची उपासना तेव्हाच होते. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी 2022 पासून सरकारी कामकाजाची सुट्टी शनिवार-रविवारवर आणली. कुवेतमध्ये ती शुक्रवार-शनिवारच आहे. तिथे घरकाम करणाऱ्या बाया कुठल्या वारी चर्चला जातात, याचे उत्तर मात्र कॅलेंडरपेक्षा मालकिणीवर अवलंबून होते. 2015 च्या कायद्याने कुवेतने त्यांना आठवड्यातून एक दिवस सुट्टीचा हक्क दिला.