सॅम्पल ॲप आणि वापरातलं ॲप: कोड दोन्हींचा खुला, पण वाचायची पद्धत वेगळी

"अँड्रॉइड शिकायला एखादं चांगलं ओपन सोर्स, म्हणजे कोड खुला असलेलं, ॲप सांगा" असं कोणी विचारलं की हमखास कोणीतरी सॅम्पल ॲपची लिंक चिकटवून मोकळं होतं. मग ते वाचून माणूस म्हणतो, खरी ॲप्स अशी लिहितात तर! नाही हो, अशी नाही लिहीत.

सॅम्पल म्हणजे कोड कसा लिहावा हे दाखवण्यापुरतं बनवलेलं नमुन्याचं ॲप. गूगलचं नाऊ इन अँड्रॉइड घ्या, कॉटलिन भाषा, स्क्रीन बनवायचं जेटपॅक कंपोज, टेस्ट, सगळं चकाचक. आजच्या घडीला अमुक गोष्ट कशी लिहावी हे बघायला उत्तम. दुसरीकडे पॉडकास्ट ऐकायचं अँटेनापॉड, यूट्यूब बघायचं न्यूपाइप, विकिपीडियाचं ॲप, किंवा ईमेलचं थंडरबर्ड जे आधी के-नाइन मेल होतं, ही लोकांच्या रोजच्या वापरातली. आता यातलं एक जावात आहे, एक कॉटलिनमध्ये, एक मोठं, एक लहान, हे फरक सोडून द्या, दोन दिवसांत सवय होते.

खरा फरक हा की वापरातल्या ॲपला भूतकाळ असतो. समजा ॲपच्या डेटाबेसमधल्या टेबलात एक कॉलम वाढवायचाय. बऱ्याच सॅम्पलमध्ये व्हर्जनचा आकडा वाढवतात आणि जुना डेटाबेस सरळ उडवतात, रूम या अँड्रॉइडच्या डेटाबेस लायब्ररीत त्यासाठी फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन अशी सोयच आहे, आणि कोणाचं काही बिघडत नाही कारण त्यात कोणाचा डेटाच नसतो. (नाऊ इन अँड्रॉइड इथे अपवाद, त्यात मायग्रेशन, म्हणजे जुना डेटा नव्या रचनेत नेणं, नीट केलेलं आहे.) आता अँटेनापॉडमधली डीबीअपग्रेडर ही फाइल उघडा. जुनं व्हर्जन याच्या आधीचं असेल तर हे कर, त्याच्या आधीचं असेल तर तेही कर, अशी इफची लांबलचक शिडी दिसेल. बघायला रटाळ आहे, मान्य. पण ॲप 2012 पासूनचं आहे, कोणीतरी कित्येक वर्षं अपडेट न केलेलं ॲप आज अपडेट करेल आणि त्याची सगळी सबस्क्रिप्शन, कुठला एपिसोड कुठपर्यंत ऐकला ते सगळं जागच्या जागी राहिलं पाहिजे, ही त्या शिडीमागची गोष्ट आहे आणि ती सॅम्पलमध्ये शिकायला मिळत नाही. हेडफोन काढल्यावर आवाज थांबवणं घ्या, सॅम्पलमध्ये एका ओळीत होतं, इथे मात्र थांबवायचं का, परत लावल्यावर सुरू करायचं का, ब्लूटूथचं काय, अशा वेगवेगळ्या सेटिंग निघतात, कारण प्रत्येक माणसाला वेगळं हवं असतं.

म्हणून असा कोड बघून "किती घाण लिहिलंय" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आणि उलटं करणाऱ्यांचाही, दोन स्क्रीनच्या ॲपला नाऊ इन अँड्रॉइडसारखे ढीगभर मॉड्यूल, म्हणजे कोडचे वेगवेगळे भाग! अरे, त्यांच्याच डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय की ॲप तसं लहान आहे, पण मोठ्या कोडबेसला शोभेल अशी रचना दाखवायची होती.

सॅम्पल वरपासून खालपर्यंत वाचता येतं. वापरातलं ॲप तसं वाचायला घेतलं तर चौथ्या फाइलला झोप लागेल. त्यापेक्षा ॲप फोनवर टाका, स्क्रीनवरचं एखादं बटण धरा, त्यावरची अक्षरं स्ट्रिंग्ज फाइलमध्ये, म्हणजे ॲपमधला मजकूर ठेवलेल्या फाइलमध्ये, शोधा, तिथलं नाव कोडमध्ये शोधा, पोचलात. मग एखादा विचित्र इफ दिसला की गिट ब्लेम (ती ओळ कोणी, कधी बदलली ते दाखवतं), तिथून कमिट म्हणजे नोंदवलेला बदल, कमिटवरून पुल रिक्वेस्ट म्हणजे तो बदल घ्या अशी विनंती, तिथून इश्यू म्हणजे मुळातली तक्रार. तो इफ का आला हे बहुतेक वेळा तिथेच सापडतं, आणि माझ्या मते कोडपेक्षा हे वाचण्यात जास्त शिक्षण आहे.

शोधायचं कुठे? गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर स्टार, म्हणजे लोकांनी दिलेली पसंती, बघून शोधाल तर टेम्प्लेट, लायब्ररी आणि कुठल्यातरी प्रसिद्ध ॲपचे क्लोन यांतच अडकाल, आणि क्लोन म्हणजे बहुतेकदा नुसता दिखाऊ यूआय, म्हणजे वरचा दर्शनी भाग. मी थेट एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपच्या स्टोअरवर जातो, तिथे ॲपच्या पानावरच सोर्सची लिंक असते. मग शेवटचा कमिट कधीचा आणि इश्यूंना कोणी उत्तरं देतंय का, एवढं बघायचं.

लायसन्सचं थोडक्यात: कोड दिसतो म्हणजे उचलता येतो असं नाही, लायसन्स फाइलच नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याचे. अँटेनापॉड आणि न्यूपाइप जीपीएल या लायसन्सखालचे, म्हणजे त्यातला तुकडा घालून ॲप वाटलंत तर तुमचाही सोर्स त्याच अटींवर द्यावा लागेल. नुसतं वाचायला कोणाचीच हरकत नाही.