बी थेट वाफ्यात पेरताना

‘बी उगवलंच नाही’ म्हणून कुणी आमच्याकडे आलं, की आम्ही आधी विचारतो, किती खोल पेरलं होतं? बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.

बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर आली की पुरे. सूर्यफूल 2 ते 2.5 सेंमी खोल टोकावं, झिनियाला अर्धा सेंमी भरपूर होतो. पॉपीचं बी झाकूच नका. मूठभर कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरा आणि तळहाताने हलकेच दाबा. वाळूमुळे बी कुठे पडलं तेही कळतं. नॅस्टर्शियमचं बी टणक, ते रात्रभर पाण्यात भिजवून मग लावा.

पॉपी आणि लार्कस्पर सोटमुळाची झाडं. त्यांना जागा बदललेली मानवत नाही, म्हणून ती जागेवरच पेरायची. कॉसमॉस, झिनिया, तेरडाही वाफ्यात खुशाल पेरा. पिटुनियाचं बी मात्र इतकं बारीक, की पहिल्या पाण्यासरशी वाहून जातं. ते ट्रेमध्येच बरं.

वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी झाल्याशिवाय, मशागत करू नका. मूठभर माती दाबून बोटाने टोचा. भुगा झाला तर ठीक, गोळा तसाच राहिला तर थांबा. ढेकळं फोडा, दाताळ्याने सपाट करा आणि पाणी पेरणीच्या आधी द्या. पेरल्यावर पाइपने पाणी सोडलं की माती दबते, वाळली की वर खपली धरते आणि कोंब खालीच अडकतो. त्यामुळे नंतर बारीक भोकांची झारी वापरा, पण उगवेपर्यंत वरचा थर सुकू देऊ नका. खत बेताचंच घाला. नॅस्टर्शियमला ते जास्त झालं तर नुसती पानं माजतात.

फेकून पेरलेला वाफा फुलल्यावर सुंदर दिसतो, हे खरं. तरी नवख्यांनी ओळीतच पेरावं, कारण ओळीबाहेर उगवलेलं ते तण, एवढं तरी ठरवता येतं. पहिली दोन पानं बीदलं असतात, त्यांवरून रोप ओळखणं अवघड. खरी पानं येईपर्यंत ओळीत खुरपं घालू नका.

मग विरळणी. जिवावर येतं, पण करायलाच हवी. झिनियाच्या दोन रोपांत 20 ते 30 सेंमी अंतर राहू द्या. नकोशी रोपं उपटू नका, शेजारच्यांची मुळं हलतात. कात्रीने मातीलगत कापा.

झिनिया आठवडाभरात दिसू लागतं. लार्कस्परला गारवा लागतो आणि 2-3 आठवडेही. तोवर माती उकरून पाहू नका. उरलेलं बी पाकिटासकट हवाबंद डब्यात, कोरड्या आणि थंड जागी ठेवा.