भरावाखाली राहिलेली चित्रं

भिंतीवर दगड-वाळूचे ढिगारे लोटले की चित्रं मरतात, असं कुणालाही वाटेल. सीरियात युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस या गावी नेमकं उलट घडलं.

इ.स. 256 च्या सुमारास इराणच्या सासानी फौजांचा वेढा पडणार हे दिसताच तिथल्या रोमन शिबंदीने पश्चिमेचा तट आतून जाड करायला घेतला. तटालगतचा रस्ता आणि त्यामागच्या इमारती मातीने बुजवल्या. त्यांत ज्यूंचं एक सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळही गेलं. गाव पडलं ते पडलंच, पुन्हा वसलं नाही. 1932 मध्ये अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि फ्रान्सची शिलालेख अकादमी यांच्या पथकाने तो भराव उपसला, तेव्हा रंगवलेल्या भिंती बाहेर आल्या.

भराव उतरता होता, तटापाशी उंच आणि गावाकडे सखल. म्हणून तटाकडची भिंत जवळजवळ पुरी राहिली, बाजूच्या भिंती तिरक्या कापल्यासारख्या उरल्या आणि समोरच्या भिंतीचा फक्त तळ वाचला. चित्रं जिथे संपतात ती तिरपी रेघ म्हणजे 1700 वर्षांपूर्वीच्या ढिगाऱ्याचा उतारच.

यात रसायनशास्त्रही आहे. ओल्या चुन्यावर रंगवलं तर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कठीण होतो आणि रंगाचे कण त्यात अडकून पडतात. इथे मात्र सुकलेल्या गिलाव्यावर काम केलं होतं. असा रंग फक्त चिकटवणाऱ्या पदार्थाच्या भरवशावर टिकतो. पाऊस आणि ऊन लागतं तर कधीच गेला असता. वाळवंटातल्या कोरड्या मातीने दोन्ही अडवले.

या चित्रांनी अभ्यासकांची एक ठाम समजूत मोडली. दहा आज्ञांमध्ये मूर्ती करू नये असं आहे, तेव्हा ज्यूंच्या प्रार्थनास्थळात माणसांची चित्रं कुठून असणार! इथे तर भिंतभर गोष्टी आहेत. इजिप्तचा राजा फारो याची मुलगी नाईलच्या पाण्यात उभी राहून बाळ मोशेला उचलते आहे. मोशेच्या काठीने समुद्र दुभंगतो. हा प्रसंग उजवीकडून डावीकडे पाहायचा, हिब्रू वाचतात तसा, आणि एकाच चौकटीत मोशे पुन्हा पुन्हा भेटतो. देव कुठेच दिसत नाही, वरून फक्त त्याचा हात येतो. एलीया विधवेच्या मेलेल्या मुलाला जिवंत करतो आहे. (कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएली, ज्याच्या नावाने मलिदा करतात, तो एलियाहू हनाबी हाच.) पोशाख मात्र बायबलच्या काळातले नाहीत. कुणाच्या अंगावर ग्रीक झगा, कुणाच्या पायांत इराणी विजार. चित्रकाराने आजूबाजूला दिसलं तेच लोकांना नेसवलं.

काळ ठरवायला फार खटपट पडली नाही. छताच्या कौलांवर अरामी भाषेत बांधकामाचं साल लिहिलं होतं, तिथे चालणाऱ्या सेल्युकिड शकाचं (तिथल्या जुन्या ग्रीक राजवंशाच्या कालगणनेचं) 556, म्हणजे इ.स. 244-45. भराव पडला 256 च्या आसपास. म्हणजे एवढा खटाटोप करून रंगवलेली ही वास्तू जेमतेम दहा-अकरा वर्षं वापरात होती.

आज या भिंती दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. जवळून पाहिलं तर काही चित्रांवर शाईने लिहिलेल्या बारीक ओळी दिसतात. त्यांतल्या बहुतेक सासानी काळातल्या फारसीत आहेत आणि त्यांतल्या काहींवर 253 च्या सुमाराची तारीख आहे. मजकूर साधा: आम्ही आलो, हे चित्र पाहिलं. पुढे तीनच वर्षांनी जे सैन्य तटाबाहेर येऊन थांबलं, त्याचीही भाषा तीच होती.