शाळानिवड आणि शेजारसंबंध (नवी मुंबई)

मूल कोणत्या शाळेत घालायचे, या पालकांच्या निर्णयाचा वस्तीतल्या ओळखीपाळखीवर होणारा परिणाम. नवी मुंबईत तो चटकन नजरेत भरतो, कारण इथे शाळेची जागा इमारती उभ्या राहण्याआधीच नकाशावर ठरली होती. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी नियोजन महामंडळाने शहराची नोड (म्हणजे उपनगरे) आणि त्यांतले सेक्टर अशी आखणी केली आणि प्राथमिक शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असावी म्हणून भूखंड राखून ठेवले. शाळा झाल्या, पण सेक्टरातली मुले सेक्टरातच शिकतील, हा अंदाज चुकला. पालक आधी माध्यम आणि बोर्ड बघतात, मग फी, अंतर शेवटी.

परिणामी एकाच सोसायटीच्या गेटवर सकाळी तीन-चार रंगांचे गणवेश दिसतात. कोणी बसने, कोणी व्हॅनने, कोणी आजोबांचे बोट धरून. सुट्ट्याही जुळत नाहीत. सीबीएसईचे नवे वर्ष साधारण एप्रिलमध्ये सुरू होते, राज्य मंडळाचे जूनमध्ये. त्यामुळे एकाची मुले परीक्षा संपवून गावी निघालेली असतात, तेव्हा शेजारच्या घरात नव्या वह्यांना कव्हरे घालणे चाललेले असते. अशा सोसायटीत मुलांची खरी गाठ पडते ती गणपतीत, नाटुकल्याच्या तालमीला. पालकांच्या ओळखी मात्र बसथांब्यावर होतात. वाढदिवसाची आमंत्रणे समोरच्या दारापेक्षा थांब्यावरच्या घरांना आधी जातात.

मूळ गावठाणांत चित्र वेगळे. आगरी-कोळी गावांतल्या शाळांत एकेकाळी सगळी भावकी एकाच वर्गात असे. महापालिका १९९२ साली अस्तित्वात आली आणि या शाळा तिच्याकडे गेल्या. पुढे गावातली ऐपतदार घरे इंग्रजी शाळांकडे वळली. चाळींत भाड्याने राहणाऱ्या कामगारांची मुले पालिका शाळेत आली. शाळा गावातच राहिली, पण घरमालक आणि भाडेकरू यांची मुले एका बाकावर बसण्याची संधी गेली. नियोजनावर लिहिणारे याची दखल फारशी घेत नाहीत.

पालिकेने स्वतःच सीबीएसई शाळा काढल्याने फीचा अडसर काहींपुरता दूर झाला. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांमुळे घराजवळची खासगी शाळाही गरीब मुलांना खुली होते. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळेला यातून सूट देणारा नियमबदल राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. पालिका शाळा जवळजवळ असलेल्या या शहरात त्याचा फटका मोठा बसला असता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द ठरवला.